भजनाचं शूटिंग : चित्र लांबून, आवाज जवळून



आता जवळपास प्रत्येक गटात एखादी तरी स्मार्टफोनवाली ताई असते. वार्षिक सभा असो, हळदीकुंकू असो की हरिनाम सप्ताह, आपल्या महिला भजनी मंडळाचं शूटिंग होतंच. पण घरी येऊन लावलं की चित्र छान आणि आवाज? नुसता टाळांचा खणखणाट!

आमच्या मंडळाचंही असंच झालं. दोन वर्षांपूर्वी देवळात भजन होतं. मुख्य गाणाऱ्या आजी सत्तरी ओलांडलेल्या. आवाज मोठा यावा म्हणून मी मोबाईल घेऊन साउंड बॉक्ससमोरच उभी राहिले. आवाज मोठा आला खरा, पण पार फाटलेला. पुढं आजींचा दमा वाढला आणि त्यांचं गाणं थांबलं. त्यांच्या काही चाली आज मंडळात कुणालाच पूर्ण येत नाहीत, आणि त्या व्हिडिओवरून शिकताही येत नाहीत. ती चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून हा धडा.

असं का होतं?

आपला कान हवा तो आवाज निवडून ऐकतो. मोबाईलला ते जमत नाही. त्याच्या माइकला जे जवळ आणि जे मोठं, तेच आधी पोचतं. टाळ जोरात वाजले की बरेच मोबाईल आपणहून सगळाच आवाज कमी करतात, त्यात गाणारीचा आवाज बुडतो. शिवाय मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाजाची ताकद चौथ्या हिश्शावर येते. म्हणून लांबून काढलेल्या व्हिडिओत गाण्यापेक्षा पंखा आणि पोरांचा कालवाच जास्त ऐकू येतो.

यावर सोपा उपाय म्हणजे दोन मोबाईल वापरायचे. एक लांबून चित्रासाठी, दुसरा जवळून फक्त आवाजासाठी.

कसं करायचं?

1. आवाजाच्या मोबाईलवर रेकॉर्डर चालू करा. तो मुख्य गाणारीसमोर तीन-चार फुटांवर, टाळ-पखवाजापासून लांब ठेवा. खाली घडी केलेली साडी किंवा उशी घ्या. पेटीवर ठेवू नका, भात्याची खडखड येते.

2. माइकचं बारीक भोक बहुतेक मोबाईलना खालच्या कडेला असतं. ती बाजू गाणारीकडे करा. कव्हर किंवा बोट त्यावर येऊ देऊ नका.

3. बसण्याची रचना बदला. गाणाऱ्या बाया पुढं, टाळकरी मागं, पखवाज एका बाजूला. एवढ्यानंही मोठा फरक पडतो.

4. चाचणी घ्या, पण हळू सुरुवातीची नको. शेवटचा गजर जोरात म्हणायला लावा आणि इयरफोन लावून ऐका. आवाज फाटत असेल तर मोबाईल दोन फूट मागं घ्या. बारीक आलेला आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला सुधारत नाही.

5. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा सभामंडपात आवाज घुमतो. खाली सतरंजी अंथरा, मागच्या भिंतीवर गोधड्या टांगा. जवळचा पंखा तेवढा वेळ बंद ठेवा. उघड्यावर असाल तर वाऱ्याला आडोसा करा.

6. साउंडवाला असेल तर बॉक्ससमोर उभ्या राहू नका. मिक्सरवरून रेकॉर्डिंग मिळेल का, हे त्याला आधीच विचारा. मात्र त्यात फक्त माइकवरचाच आवाज येतो. पखवाजाला माइक नसेल तर तो बारीक येईल. म्हणून आपला मोबाईलही चालू ठेवा. मिक्सरची वायर थेट मोबाईलला जोडू नका, आवाज फाटतो.

7. दोन्ही मोबाईल फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर ऐन अभंगात फोन वाजतो. जागा आणि चार्जिंग बघा. व्हिडिओला मिनिटाला साधारण 100 एमबी लागतात, नुसत्या आवाजाला 1 एमबीच्या आसपास.

8. दोन्हीकडे रेकॉर्डिंग सुरू झालं की एक जोरदार टाळी वाजवा. नंतर व्हिडिओ जोडायच्या ॲपमध्ये दोन्हीकडची टाळी जुळवली की चित्र आणि आवाज एकत्र बसतात. मग व्हिडिओचा मूळ आवाज बंद करा.

दोन गोष्टी विसरू नका

सुरुवातीला गाणाऱ्या ताईचं नाव, गाव आणि तारीख बोलून घ्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसोबत गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात गाणाऱ्या बायांची नावं आणि गावंही नोंदवली. म्हणून त्या ओव्या कुणाच्या, हे आज कळतं.

आणि व्हॉट्सॲपवर किंवा यूट्यूबवर टाकण्याआधी मंडळातल्या सगळ्यांना विचारा. एखादीला नको असेल तर तिचं ऐका. मूळ फाइल दोन ठिकाणी जपून ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे दर्जा कमी होत नाही.

पुढच्या बैठकीत करून बघा

एकच अभंग तीनदा रेकॉर्ड करा : मोबाईल तीन फुटांवर, सहा फुटांवर आणि बारा फुटांवर ठेवून. तिन्ही सगळ्यांना ऐकवा. शब्द कुठं स्पष्ट आले? टाळ कुठं जास्त झाले? आपल्या जागेसाठी कोणतं अंतर बरं, ते गटाच्या वहीत लिहून ठेवा.

आणि पहिलं खरं रेकॉर्डिंग तुमच्या गावातल्या सगळ्यात वयस्कर गाणारीचं करा. सप्ताहाची वाट बघू नका. तिच्या अंगणात, सकाळच्या शांत वेळी, एक मोबाईल पुरतो.