हीलर क्वीनला सोडून का जातात?

प्रश्न : मी 'क्लॅश ऑफ क्लॅन्स' खेळतो. आर्चर क्वीनसोबत पाच हीलर सोडतो. पण त्या लवकर पडतात, नाहीतर दुसऱ्याच सैनिकांमागे जातात. काय चुकतंय?
— एक वाचक, दौंड

उत्तर : हीलर हल्ला करत नाही, फक्त जमिनीवरच्या सैन्याला बरं करते. एकीला १४ जागा लागतात, म्हणजे पाच जणींना ७०. एवढी गुंतवणूक जपायलाच हवी.

आधी शत्रूच्या एअर डिफेन्सचा पल्ला बघा. क्वीन त्याच्या कडेने येईल आणि भिंतीपलीकडूनच तो पाडेल, अशी बाजू निवडा. आधी क्वीन, मग तिच्या पाठीमागे हीलर सोडा. त्या तिच्यावर स्थिरावेपर्यंत जवळपास दुसरं सैन्य उतरवू नका. जखमी घोळका दिसला की त्या तिकडे वळतात.

क्वीनवर एकाच वेळी बऱ्याच तोफा रोखल्या गेल्या, की रेज स्पेल टाका. त्याच्या वर्तुळात क्वीन आणि हीलर दोघीही यायला हव्यात, कारण रेजमुळे उपचाराचा वेगही वाढतो. स्पेल तिचं आयुष्य निम्म्यावर येताच टाका. अगदी शेवटी टाकलेला वाया जातो.

क्लॅन वॉरआधी मित्राच्या गावावर फ्रेंडली चॅलेंजमध्ये सराव करा. तिथे सैन्य खर्च होत नाही, त्यामुळे मनसोक्त प्रयोग करता येतात.