रॉकेट पडेल कुठं?

फेब्रुवारी लागला की जुन्नर-आंबेगावातल्या शाळांमध्ये कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या जमायला लागतात. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या आवारात प्रदर्शन भरतं आणि आसपासच्या शाळांची मुलं आपापले प्रयोग घेऊन तिथं जातात. बाकीच्या शाळा आपल्याच मैदानावर विज्ञान दिन साजरा करतात, आणि त्या दिवशी पाण्याचं रॉकेट उडालं नाही तर मुलांना चुकल्यासारखं वाटतं. बाटलीत थोडं पाणी, वर पंपानं भरलेली हवा, दोरी ओढली की सूं करून आकाशात. मुलं विचारतात, किती उंच जाईल? शिक्षकानं त्याआधी दुसरा प्रश्न विचारायचा असतो: पडेल कुठं?

श्रीहरिकोट्यातही आधी हाच प्रश्न विचारतात. तळ पूर्व किनाऱ्यावर आहे, कारण जे पडायचं ते बंगालच्या उपसागरात पडावं. ध्रुवीय कक्षेत जाणारं पीएसएलव्ही सरळ दक्षिणेला सोडलं तर वाटेत श्रीलंका येते, म्हणून ते वाटेतच वळवतात. त्या वळणाला इंधन जास्त लागतं, पण लोकांच्या डोक्यावरून जायचं नाही हे आधीच ठरलेलं असतं. २५ डिसेंबर २०१० ला जीएसएलव्ही-एफ०६ चा ताबा ४७ सेकंदांच्या सुमारास सुटला, कारण नियंत्रणाचे संदेश नेणारे जोड तुटून वेगळे झाले होते. रॉकेट हवेतच तुटायला लागलं, चौसष्टाव्या सेकंदाला सुरक्षा अधिकाऱ्यानं ते नष्ट करण्याची आज्ञा दिली आणि तुकडे समुद्रात पडले. कोट्यवधींचं यान नष्ट करण्याचा निर्णय काही सेकंदांत घेता आला, कारण तो कधी आणि कोणी घ्यायचा हे उड्डाणाच्या आधीच लिहून ठेवलेलं होतं. ओडिशातल्या चांदीपूरला क्षेपणास्त्राची चाचणी असली की तळाजवळच्या वस्त्यांमधल्या लोकांना काही तासांसाठी दुसरीकडे नेतात, त्याची भरपाईही देतात.

आपली दोन लिटरची बाटली त्यांच्यापुढे काहीच नाही, हे खरं. पण रीत तीच लागते, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका शाळेत मी दोन विटांवर स्टँड ठेवून पंप मारत होतो. साठ पौंडांच्या आसपास एक वीट सरकली, स्टँड कलंडलं आणि रॉकेट आडवं सुटलं. बसलेल्या मुलांच्या डोक्यावरून ते गेलं आणि खिचडीच्या शेडच्या पत्र्यावर आदळलं. पत्र्याला वाटीएवढा पोचा आला. कोणाला लागलं नाही, पण पुढच्या रांगेतली एक चिमुरडी डोकं धरून खाली वाकली होती, ते अजून डोळ्यांपुढे आहे. तेव्हापासून आठवडाभर आधी मैदान पाहिल्याशिवाय मी बाटलीला हात लावत नाही.

सुरुवात मैदानापासूनच करा. आधी कमी दाबावर, तीस पौंडांवर, एक-दोन उड्डाणं करून उंची मोजा. स्टँडपासून ४० मीटरवर एका मुलाला कोनमापक, दोरा आणि ओळंबा देऊन उभं करा. सर्वांत वर असताना रॉकेट ४५ अंशांत दिसलं तर उंची साधारण ४० मीटर, वर नजरेची उंची धरायची. आता नियम असा: सरळ वर जितकं जातं, तिरकं सुटलं तर जास्तीत जास्त त्याच्या दुप्पट लांब जाऊ शकतं. हवेच्या अडथळ्यानं प्रत्यक्षात थोडं कमीच जाईल, पण आपण दुप्पटच धरायचं. ४० मीटर उंचीला ८० मीटर त्रिज्येचं वर्तुळ होतं, म्हणजे जवळजवळ पाच एकर. एवढं मैदान आपल्याकडच्या फार थोड्या शाळांना आहे. म्हणून मैदानाला साजेसं रॉकेट करायचं. मैदान लहान असेल तर दाब कमी करा, वीस मीटर उंचीवर समाधान माना. पॅराशूट लावणार असाल तर वाऱ्याचंही धरा: ते सेकंदाला चार मीटर खाली येत असेल तर ४० मीटर उतरायला दहा सेकंद लागतात, आणि तेवढ्यात सेकंदाला पाच मीटरचा वारा त्याला पन्नास मीटर बाजूला नेतो. म्हणून उड्डाण सकाळी दहाच्या आत उरकावं. दुपारी वारा सुटला आणि बांबूला बांधलेली रिबीन आडवी झाली की त्या दिवशीचा कार्यक्रम संपला असं समजायचं.

त्या वर्तुळाच्या कडेनं स्वतः चाला आणि काय काय दिसतं ते वहीत लिहा. शेतीपंपाची उघडी लाइन, डीपी, कठडा नसलेली विहीर, कांद्याची बराख, रिकाम्या रानात उतरलेला मेंढ्यांचा वाडा, मोटारसायकली जाणारा रस्ता. पाण्याच्या टाकीखाली किंवा पिंपळावर आग्या मोहोळ असेल तर ती जागाच सोडा. घोडेगावच्या पश्चिमेला डोंगरातल्या आश्रमशाळांना सपाट जागा मिळत नाही, तिथं कापणी झालेलं भाताचं खाचर बरं. पण उतारावर वर्तुळ गोल राहत नाही, उताराच्या बाजूला ते लांबतं. तिकडे मुलं बसवू नका.

आणि ऊस. आपल्या दोन्ही तालुक्यांत शाळेच्या कुंपणाला लागून ऊस असतो आणि उसात बिबट्या असतो. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र ज्या तालुक्यात आहे, तिथल्या माणसाला हे सांगायला नको. श्रीहरिकोट्याच्या कोणत्याही यादीत हा धोका सापडणार नाही, पण माझ्या यादीत तो सगळ्यांत वर आहे. बाटली डोक्यात पडण्यापेक्षा ती आणायला दहा वर्षांचा पोरगा वाकून उसाच्या सरीत शिरणं कितीतरी वाईट. वाकलेलं लहान मूल बिबट्याला सावजासारखं दिसतं. म्हणून नियम एकच, आणि तो उड्डाणाआधी मुलांकडून मोठ्यानं म्हणून घ्यायचा: उसात गेलेलं रॉकेट गेलं. बाटली फुकटची असते, नवी करू.

आता बाटली. पिण्याच्या पाण्याची पातळ बाटली कधीच वापरू नका. कोल्ड्रिंकची बाटली गॅसचा दाब सोसायलाच बनवलेली असते. तिच्या तळाला पाच पाकळ्यांसारखे उंचवटे असतात, ते पाहून घ्या. ओरखडा, चुरगळलेली जागा, उन्हात राहून आलेला पांढुरकेपणा, यातलं काही दिसलं की बाटली बाद. गरम पाणी भरायचं नाही, प्लॅस्टिक मऊ पडतं. ६० पौंडांवर उडवायचं असेल तर आधी ९० पौंडांवर चाचणी घ्या, पण ती बाटली काठोकाठ पाण्यानं भरून. हवा दाबली की तिच्यात ताकद साठते, पाणी जवळजवळ दाबलंच जात नाही. म्हणून भरलेली बाटली फाटली तर पाणी सांडतं, हवेची फाटली तर तुकडे उडतात. टोकाला खिळा, लाकूड, धातू नको, अर्धा कापलेला रबरी चेंडू बसवा. दहा उड्डाणं झाली की बाटली निवृत्त करा. आणि कोणी मोठा मुलगा दारू, गंधक किंवा खताचं मिश्रण घेऊन आला तर तिथंच थांबवा. २३ फेब्रुवारी २००४ ला श्रीहरिकोट्यात घन इंधनाच्या कामात आग लागली आणि सहा जण गेले. ती माणसं त्या कामात तयार झालेली होती. शाळेत पाणी आणि हवा एवढंच.

स्टँड विटांवर नको. जमिनीत हातभर लोखंडी खुंट्या ठोका, वरून हलवून पाहा. पंपाची नळी आणि सुटकेची दोरी निदान पाच मीटर लांब हवी, आणि पंपाच्या बाजूला हवा सोडायची तोटी हवीच. दोरी ओढूनही रॉकेट अडकलं तर कोणीही जवळ जायचं नाही, तोटीनं दाब उतरवायचा आणि काटा शून्यावर आल्यावरच उठायचं. रिमोट किंवा ड्रोन आणण्याचा मोह होतो, पण खोडदच्या आसपास तर तो टाळाच. ती दुर्बीण फार क्षीण रेडिओ लहरी ऐकते. तिथं पाहुण्यांनाही मोबाइल बंद ठेवायला सांगतात. दोरीला लहरी नसतात आणि बॅटरीही लागत नाही.

आता गणित, हे आठवीच्या मुलांकडूनच करून घ्या. वर्तुळ २०,००० चौरस मीटरचं. आत ४० मुलं मोकळी फिरतायत. प्रत्येकाभोवती बाटली लागेल अशी जागा एक चौरस मीटर धरू. रॉकेट वर्तुळात कुठंही पडण्याची शक्यता सारखी धरली तर ते कोणाला तरी लागण्याची शक्यता २०,००० त ४०, म्हणजे ५०० त एक. चाचण्यांत दहापैकी एकदा पॅराशूट उघडलं नाही आणि बाटली नाकावर खाली आली असेल, तर धोक्याची शक्यता ५,००० त एक. ऐकायला लहान वाटते. पण दिवसभरात २५ उड्डाणं झाली की ती २०० त एक होते. अमेरिकेत व्यावसायिक रॉकेटच्या एका उड्डाणाला परवानगी देताना सर्व जनतेला मिळून दहा हजारांत एक ही मर्यादा धरतात. ते गंभीर इजा मोजतात आणि आपण नुसतं लागणं, हा फरक आहे. पण डोळ्यावर बसलेली बाटलीही गंभीरच. आता मुलं फक्कीच्या रेषेबाहेर दोरीमागे बसवा आणि आत दोनच माणसं ठेवा. तेच गणित २५ उड्डाणांना ४,००० त एक येतं. रॉकेटमध्ये काहीही न बदलता, फक्त माणसं हलवून धोका वीस पटींनी उतरला. हे आकडे फळ्यावर मांडल्यावर मुलं स्वतःहून दोरीमागे जातात, ओरडावं लागत नाही.

यंत्रावर किती विश्वास ठेवायचा याची गोष्ट तर आपल्याच तालुक्यातली आहे. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं ‘स्कियापारेली’ हे यान मंगळावर उतरत होतं आणि त्याचा क्षीण संदेश खोडदच्या दुर्बिणीतून ऐकला जात होता. ठरलेल्या वेळेच्या थोडं आधी संदेश तुटला. पुढच्या चौकशीत कळलं की पॅराशूट उघडल्यावर यान अपेक्षेपेक्षा जोरात हेलकावलं. फिरण्याचा वेग मोजणारं उपकरण सुमारे सेकंदभर आपल्या कमाल आकड्यावर अडकून राहिलं, आणि संगणकानं हिशोब केला की आपण जमिनीच्याही खाली आहोत. त्यानं पॅराशूट सोडून दिलं आणि इंजिनं तीनच सेकंदांत बंद केली, तेव्हा यान अजून ३.७ किलोमीटर उंचावर होतं. उंची उणे कशी येईल, हा साधा प्रश्न त्या संगणकाला कोणी विचारायला शिकवला नव्हता. आपल्या पंपाचा काटाही असाच अडकतो. म्हणून काट्यासोबत पंपाचे हातही मोजा. पहिल्या चाचणीत ६० पौंडांना २५ हात लागले आणि आज ३२ झाले तरी काटा ४५ वरच, तर काटा खोटं बोलतोय असं समजा आणि हवा सोडा.

माणसं नेमताना तिघं पुरतात: एक पंपावर, एक आकाश आणि रस्ता पाहणारा, एक ‘थांब’ म्हणणारा. तिसऱ्याच्या हातात दुसरं कोणतंही काम द्यायचं नाही. त्यानं ‘थांब’ म्हटलं की मुख्याध्यापक असोत की सरपंच, कोणी ‘होऊन जाऊ द्या’ म्हणायचं नाही, हे पाहुण्यांना आधी सांगून ठेवा. ९ मार्च २०२२ ला आपल्या हवाई दलाचं ब्रह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियां चन्नूजवळ पडलं. सुदैवानं कोणी दगावलं नाही. चौकशीत ठरलेली कार्यपद्धती मोडल्याचं निघालं आणि तीन अधिकाऱ्यांना सेवेतून काढलं. पायरी गाळली की काय होतं ते यात दिसतं. म्हणून आपली यादी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि प्रत्येक उड्डाणाला एक मूल ती मोठ्यानं वाचू दे, पंचविसाव्या वेळीसुद्धा.

रॉकेट तारेवर अडकलं तर बांबूनं किंवा स्प्रिंकलरच्या पाइपानं काढायला जाऊ नका. महावितरणच्या लाइनमनला बोलवा, तोवर खाली कोणी उभं राहायचं नाही. हीच शिस्त आभाळातून आलेल्या परक्या वस्तूलाही लावायची. २ एप्रिल २०२२ च्या रात्री चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला मोठी धातूची कडी पडली आणि आसपासच्या गावांत धातूचे गोळे सापडले. ते एका चिनी रॉकेटचे अवशेष असावेत असं अभ्यासकांचं म्हणणं होतं. अशा टाक्यांत विषारी इंधन उरलेलं असू शकतं. हवामानाच्या किंवा संशोधनाच्या फुग्याची पेटीही शेतात उतरते, तीही उघडायची नाही. लांबूनच पाहायचं, पोलीस पाटलांना कळवायचं आणि मुलांना तिथून काढायचं.

शेवटचं रॉकेट उतरलं की आधी मुलं मोजा, मग बाटल्या मोजा. वहीत तारीख, दाब, पंपाचे हात, वारा, उंची, पडलेली जागा आणि काय बिघडलं ते लिहा. विशेषतः थोडक्यात हुकलेलं. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर त्या विटेची नोंद आहे. दर वर्षी नव्या वर्गाला मी ती वाचायला देतो, आणि मग आम्ही सगळे मिळून खुंट्या हलवून पाहतो.