डोंबिवलीच्या रस्त्यांवर सायकल: हवा किती, टायर किती, खर्च किती

डोंबिवलीत घरापासून स्टेशनपर्यंत सायकल मारली की एकाच फेरीत तीन तऱ्हा भेटतात: काँक्रीटचे सांधे, वरखाली झालेले पेव्हर ब्लॉक आणि पावसात उखडलेलं डांबर. मनगटं ठणकायला लागली की माणूस शॉकअपवाली सायकल बघायला जातो. जरा थांबा. स्वस्त सायकलींचे शॉकअप वजन वाढवतात, धक्का मात्र फारसा खात नाहीत. तो टायर खातो.

पहिला उपाय फुकट आहे: थोडी हवा सोडा. टायरच्या बाजूवर छापलेला मोठा आकडा बहुधा कमाल मर्यादेचा असतो, तेवढी भरलीच पाहिजे असं नाही. पण आपल्याकडे ‘टाइट भर’ म्हणायची सवय, आणि सायकलवालाही अंगठ्याने दाबून तसंच करून देतो. सत्तर किलोच्या माणसाला २६ × १.९५च्या टायरमध्ये मागे ३५ ते ४० पीएसआय पुरतं. हायब्रिडच्या ७०० × ३५मध्ये ५० ते ५५, ७०० × २८मध्ये सत्तरच्या आसपास. पुढे पाचेक कमी, कारण निम्म्याहून जास्त भार मागच्या चाकावर असतो. वजन जास्त असेल तर थोडी वाढवा. फार उतरवू नका: खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. तशी जोडी दिसली तर खिळा शोधत बसू नका, हवाच कमी होती.

हे मोजायला गेजवाला उभा पंप घ्या, साधारण ८०० ते १५०० रुपये. पेट्रोलपंपावरची हवा गाड्यांसाठी असते, सायकलची छोटी ट्यूब क्षणात फुगते आणि कधीकधी फुटतेही. ट्यूब आपसूकच हवा सोडत राहते, म्हणून आठवड्याला एकदा बघा.

हवेने भागलं नाही तरच रुंद टायर. देशी बनावटीचा २६ × १.९५ साधारण ३५० ते ६००ला, ट्यूब १५० ते २५०, बसवायचे चाकामागे ५० ते १००. दोन्ही चाकांचे मिळून अकराशे ते एकोणीसशे. जुन्या ट्यूबवर छापलेल्या मापांत नवं माप बसत असेल, तर तीच वापरा आणि तेवढे पैसे वाचवा.

पैसे बुडतात ते मापात. २६ × १.९५ आणि २६ × १ ३/८ या दोघांनाही दुकानात ‘सव्वीस’च म्हणतात, पण एक दुसऱ्याच्या रिमवर चढत नाही. पहिल्यावर ५०-५५९ असं काहीतरी लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर ३७-५९०. डावीकडचा आकडा रुंदी, उजवीकडचा रिमचा व्यास, मिलिमीटरमध्ये. उजवीकडचा तोच हवा, डावीकडचा थोडा वाढला तर चालतो. दुकानात जाताना फोनमध्ये त्याचा फोटो घेऊन जा.

घरी आजोबांची काळी २८ × १ १/२ पडून असेल, तर तिच्यावर ४०-६३५ दिसेल. म्हणजे चाळीस मिलिमीटर. हल्ली ग्रॅव्हल सायकल म्हणून महाग विकतात, तिचाही टायर साधारण एवढाच रुंद.

नवा टायर बसला की दुकानातून हलण्याआधी चाक फिरवून बघा. फ्रेम, ब्रेक आणि मडगार्डपासून पाचसहा मिलिमीटर मोकळे हवेत. नाहीतर जुलैत तिथे चिखल अडकतो आणि सायकल ढकलत घरी न्यावी लागते.