जुन्या पिकअपचे स्टेअरिंग : दुखणे कुठे आणि औषध कुठे

(ऊस विकास अधिकारी, शेती विभाग)



या पानावर मी नेहमी बेणे, खत आणि पाणी यांविषयी लिहितो. आज जरा वेगळा विषय घेतला आहे. मी काही मोटार मिस्त्री नव्हे. पण आपल्या भागात बेणे, खताची पोती, दूध वाहणाऱ्या जुन्या पिकअप गावोगाव आहेत आणि त्यांतल्या एकीने मला चांगलाच धडा दिला. तो तुम्हाला फुकट मिळावा म्हणून हा लेख.

दोन वर्षांपूर्वी आडसाली लागणीच्या वेळी एका सभासदाच्या पिकअपमधून मी बेणे घेऊन निघालो होतो. स्टेअरिंग ढिले म्हणून गाडी आदल्याच आठवड्यात गॅरेजला दाखवलेली. तिथे स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून दिला होता. "आता एकदम टाइट झालंय, साहेब," मालक म्हणाले. हाताला खरेच टाइट लागत होते. पाणंदीतून पाटाच्या पुलाकडे वळताना खाली खाट्‌कन आवाज झाला. स्टेअरिंग हातात भोवऱ्यासारखे फिरू लागले आणि चाके मात्र वळेनात. वेग बैलगाडीइतका होता, म्हणून गाडी पाटाच्या काठावर थांबली. मागे बेण्यावर दोन मजूर बसलेले. वाकून बघतो तर ड्रॅग लिंकचा एंड निसटून खाली लोंबत होता. रबरी टोपी फाटलेली, आत माती, ग्रीसचा थेंब नाही. हेच डांबरी रस्त्यावर वेगात झाले असते तर आज हा लेख लिहायला मी नसतो.

दुखणे एंडला आणि औषध बॉक्सला, असा तो प्रकार. उसाचे पान पिवळे दिसले की युरिया टाकण्यासारखेच हे. चुनखडीच्या जमिनीत लोह कमी पडून केवडा पडला असेल, मुळाशी हुमणी लागली असेल किंवा सरीत पाणी साचले असेल. तिन्हीत पान पिवळेच दिसते. बुडखा उकरून बघितल्याशिवाय औषध ठरत नाही. स्टेअरिंगचेही तसेच आहे. म्हणून नियम एकच ठेवावा : तपासणी चाकापासून सुरू करावी, तिथून वर यावे, बॉक्सला हात सर्वांत शेवटी.

रचना कशी असते?

पुढे पाटे आणि सरळ अ‍ॅक्सल असलेली जुनी पिकअप घेऊ. स्टेअरिंग फिरवले की बॉक्सखालचा ड्रॉप आर्म हलतो. तो ड्रॅग लिंक ढकलतो, ड्रॅग लिंक एक चाक वळवते आणि टाय रॉड दुसऱ्या चाकाला बरोबर नेतो. प्रत्येक सांध्यात एक गोळा असतो. प्रत्येक गोळा थोडा थोडा झिजला की सगळी झीज हाताला एकत्र जाणवते, आणि आपण म्हणतो "बॉक्स गेला."

१. आधी चाके बघा

टायर थंड असताना हवा मोजा. दोन्ही पुढच्या चाकांत ती सारखी आणि कंपनीने सांगितली तेवढीच हवी. रिमच्या आतल्या बाजूला वाळलेली काळी माती खरवडून काढा. ठराविक वेगाला स्टेअरिंग थरथरते, त्याचे कारण पुष्कळदा एवढेच निघते. माती काढूनही थरथर राहिली तर बॅलन्सिंग करून घ्या आणि रिम वाकली आहे का ते बघा. टायर एकाच कडेला झिजला असेल तर अलाइनमेंट बिघडलेली आहे किंवा वरचा एखादा सांधा सैल आहे.

बेण्याचे ओझे मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे रचले तर पुढची चाके हलकी होतात. गाडी तरंगल्यासारखी चालते. हा दोष गाडीचा नाही, भरण्याचा आहे.

२. स्टेअरिंग ढिले लागते

गाडी सपाट जागेवर, चाके जमिनीवर आणि सरळ. एकाने स्टेअरिंग हलकेच डावीउजवीकडे हलवावे. दुसऱ्याने खाली बघून एकेका सांध्यावर हात ठेवावा. सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते, तोच सांधा झिजलेला. ड्रॉप आर्मची नट आणि बॉक्स चासीला धरणारे बोल्टही बघा. बॉक्सच डुलत असेल तर आतला स्क्रू आवळून काय उपयोग? बोल्टांजवळ चासीला चीर गेली आहे का, तेही पुसून बघा.

३. चाक उचलून परीक्षा

मागच्या चाकांना दगड लावा, जॅक चढवा आणि अ‍ॅक्सलखाली भक्कम ठोकळा द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. आता चाक वर-खाली धरून हलवा. खडखड झाली तर दोष व्हील बेअरिंगचा किंवा किंगपिनचा. कुठला ते ओळखायला दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. खडखड थांबली तर बेअरिंग, नाही थांबली तर किंगपिन. (काही गाड्यांना किंगपिनऐवजी बॉल जॉइंट असतात.) चाक डावीकडे-उजवीकडे धरून हलवल्यावरच ढिले लागले तर टाय रॉडचे एंड बघा.

खड्डा लागताच पुढची चाके जोरजोराने झिंज्या घेऊ लागली तर स्टेअरिंग घट्ट धरा आणि गाडी हळूहळू कमी करत थांबवा. सैल एंड, किंगपिन किंवा पाट्यांचे बुश यांतले काहीतरी गेलेले असते. तशी गाडी पुढे चालवू नये.

४. गाडी एका बाजूला ओढते

आपल्या रस्त्यांना कडेकडे उतार असतो, त्यामुळे डावीकडे थोडी ओढ असणारच. जास्त असेल तर पुढची दोन्ही चाके अदलाबदल करा. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा. ब्रेक दाबल्यावरच ओढत असेल तर ब्रेकचा. यांतले काहीच नसेल तर दोरी घ्या. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी माप घ्या. मापात फरक आला तर पाट्याचा सेंटर बोल्ट तुटून अ‍ॅक्सल सरकलेला असण्याचा संभव आहे.

५. स्टेअरिंग जड लागते

हवा आणि ग्रीस आधी. पॉवर स्टेअरिंग असेल तर तेल आणि पट्टा बघा. पुढची चाके उचलूनही जडच राहिले तर मिस्त्रीकडून ड्रॅग लिंक सोडवून घ्या. आता स्टेअरिंग हलके फिरले तर दोष चाकाकडच्या भागात, बहुधा कोरड्या किंगपिनमध्ये. तरीही जड असेल तर मात्र बॉक्स किंवा वरचा दांडा.

६. बॉक्स सर्वांत शेवटी

आपण बहुतेक वेळ सरळच चालवतो, म्हणून बॉक्सचे दाते मध्यावर जास्त झिजतात. ती ढिलाई काढायला स्क्रू जास्त आवळला की वळणावर दाते अडकतात आणि वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येत नाही. शिवाय सैल एंड झाकला जातो. दुखणे तसेच राहते, फक्त कळ कळेनाशी होते.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ प्रमाणे स्टेअरिंगची ढिलाई ३० अंशांपेक्षा जास्त चालत नाही. ४० सेंटीमीटर व्यासाच्या स्टेअरिंगच्या कडेवर हे माप सुमारे १० सेंटीमीटर भरते, जवळपास एक मूठ. ही शेवटची हद्द झाली. तिच्या निम्म्याला पोचताच गाडी दाखवावी. सांध्यांना रबरी टोप्या हव्यात आणि बोल्ट-पिना सुटणार नाहीत अशा अडकवलेल्या हव्यात, हेही त्याच नियमात आहे. म्हणजे फाटकी टोपी आणि स्प्लिट पिनेच्या जागी कोंबलेली तार, दोन्ही नियमाबाहेर.

एंड बॉक्सच्या मानाने स्वस्त असतो. बदलल्यावर नवी स्प्लिट पिन घालावी आणि अलाइनमेंट करून घ्यावी. ग्रीसची निपल असेल तिथे ग्रीस भरत जावे, चिखलातून गाडी आली की लवकर भरावे. आणि बेण्यावर माणसे बसवू नयेत, हे मी आता कुणालाही बजावून सांगतो.

त्या दिवशी निसटलेला एंड मी गट ऑफिसात ठेवला आहे. लागणीची नोंद द्यायला याल तेव्हा हातात घेऊन हलवून बघा. झिजलेला सांधा कसा लागतो ते एकदा हाताला कळले की आपल्या गाडीखाली तो ओळखायला वेळ लागणार नाही.