गाडी तापते : आधी निदान, मग पाना

मे महिन्यात आपल्या जिल्ह्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि गॅरेजसमोर एकाच तक्रारीच्या गाड्या उभ्या राहतात : "मिस्त्री, गाडी गरम होते." वणीपासून उमरखेडपर्यंत आपले कितीतरी कारागीर बांधव या धंद्यात आहेत. कोणी रेडिएटर झाळतो, कोणी इंजिन बांधतो, कोणी वायरिंग पाहतो. या दोन महिन्यांत कमाई बरी होते, परंतु बदनामीही याच दोन महिन्यांत होते. अंदाजाने एकेक पार्ट बदलत गेले की गिऱ्हाइकाचे पैसे जातात, गाडी पुढच्या चढावर पुन्हा उकळते आणि गिऱ्हाईक चार ठिकाणी आपले नाव सांगत फिरतो. म्हणून या वेळी आम्ही हाच विषय घेतला आहे.

उदाहरण आमच्या पाहण्यातले आहे. यवतमाळच्या एका व्यापाऱ्याने टेम्पो ट्रॅव्हलर जातीची जुनी डिझेल गाडी घेतली, आतल्या सीटा काढून दोन पलंग, शेगडीचा ओटा, पाण्याची टाकी आणि छोटा फ्रीज बसवला. अशा गाडीला आता कॅम्पर व्हॅन म्हणतात. पांढरकवड्याजवळचे टिपेश्वर अभयारण्य १९९७ साली घोषित झाले, सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे आहे, आणि तेथे वाघ दिसू लागल्यापासून नागपूर-हैदराबादकडचे लोक येतात. त्यांना गाडी भाड्याने द्यावी हा विचार. हिवाळ्यात धंदा चांगला चालला. एप्रिलमध्ये गाडी तापू लागली. पहिल्या गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट काढून फेकला. दुसऱ्यात नवा वॉटर पंप बसला, नवा पट्टा बसला. गाडी तरीही चढावर एसी लावला की काटा लाल रेषेला नेत होती. तिसऱ्या ठिकाणी "हेड खोलावे लागेल" असे सांगण्यात आले, तेव्हा मालक घाबरला. हेड खोलणे म्हणजे हंगामाची निम्मी कमाई जाणे. तो गाडी घेऊन पांढरकवड्याच्या एका जुन्या रेडिएटरवाल्या उस्तादांकडे आला. योगायोगाने आम्ही तेथे चहा पीत बसलो होतो.

उस्तादांनी बॉनेट उघडले नाही. आधी प्रश्न विचारले. गाडी कधी तापते? उभी असताना की पळताना? सकाळी चालू केल्याबरोबर की तासाभराने? पाणी कमी होते का? एसी बंद केला तर काय होते? हे पाच प्रश्न आमच्या मते निम्मे निदान आहेत, आणि त्यांना एक रुपयाही लागत नाही.

याचे कारण समजून घ्यावे. गाडी उभी असताना किंवा बाजारातल्या गर्दीत रेडिएटरमधून हवा फक्त पंखा ओढतो. म्हणून उभी असताना तापणारी आणि पळू लागली की थंड होणारी गाडी बहुधा पंख्याची रोगी असते. उलट, गर्दीत ठीक आणि महामार्गावर किंवा घाटात तापणारी गाडी रेडिएटरची रोगी समजावी. तेथे इंजिन जास्त उष्णता सोडते आणि चोकअप झालेला रेडिएटर तेवढी बाहेर टाकू शकत नाही. आपले पुसद डोंगरांनी वेढलेले आहे, त्यामुळे त्या भागातल्या गाड्यांचा हा दुसरा रोग लवकर उघडा पडतो. आणि थंड इंजिन चालू केल्यावर पाच-सात मिनिटांतच काटा चढत असेल तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला, पाणी संपले किंवा हेड गॅस्केट गेले, या तिघांपैकी काहीतरी आहे. एसी बंद केल्याबरोबर फरक पडत असेल तर रेडिएटरच्या पुढे बघावे, मागे नव्हे. ही शेवटची गोष्ट या कॅम्परच्या बाबतीत कामास आली.

पण क्रम सोडू नये. प्रथम इंजिन थंड होऊ द्यावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडून तोंड-हात भाजलेले मिस्त्री प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यामागचे शास्त्र असे की झाकण हे नुसते झाकण नसून दाब धरणारा वॉल्व आहे. साधारण ०.९ किलो दाब धरणारे झाकण असेल तर आतले पाणी ११८-१२० अंशांच्या आसपास पोचेपर्यंत उकळत नाही. झाकण उघडल्याबरोबर दाब जातो आणि शंभराच्या वर तापलेले पाणी एकदम वाफ होऊन अंगावर येते. याचाच दुसरा अर्थ असा की झाकणाचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग मेली तर चांगल्या इंजिनातही पाणी लवकर उकळून बाहेर पडते. सर्वांत स्वस्त पार्ट आणि सर्वांत शेवटी बघितला जाणारा पार्ट हाच.

नंतर गळती. हातपंपासारखा प्रेशर टेस्टर मिळतो, तो झाकणाच्या जागी बसवून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरावी आणि दहा-पंधरा मिनिटे काटा बघावा. काटा उतरला तर पाणी कोठून तरी जात आहे : हौज पाइपचा क्लॅम्प, वॉटर पंपाच्या पोटाखालचे बारीक छिद्र, हीटरचा पाइप. बाहेर कोठे ओल नाही आणि काटा तरीही उतरतो, तर संशय आत न्यावा. हेड गॅस्केटची लक्षणे वेगळी ओळखता येतात. सकाळी थंड इंजिन चालू करताच वरचा हौज दगडासारखा कडक होतो, रेडिएटरच्या तोंडात सारखे बुडबुडे येतात, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर निघतो, डिपस्टिकवर ऑइल दुधाच्या चहासारखे दिसते. याच कामासाठी निळे औषध असलेली नळी मिळते. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढली आणि औषध पिवळसर झाले तर जळालेला गॅस पाण्यात येतो आहे. आमच्या कॅम्परमध्ये औषध निळेच राहिले. हेड खोलायला सांगणाऱ्याने ही पाच मिनिटांची परीक्षा केली असती तर मालकाची झोप उडाली नसती.

थर्मोस्टॅटबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे तो काढून टाकण्याची रीतच पडली आहे. "विदर्भाच्या उन्हात त्याची काय गरज" असे चांगले मिस्त्रीही म्हणतात. परंतु थर्मोस्टॅट फक्त थंडीसाठी नसतो. अनेक इंजिनांत तो उघडला की दुसऱ्या बाजूने बायपासचा रस्ता बंद करतो. तो काढला की बरेच पाणी रेडिएटरकडे न जाता बायपासमधूनच फिरत राहते, आणि गाडी भारावर आली की उलट जास्त तापते. हलक्या कामात इंजिन गार राहते, डिझेल जास्त जाते, तो वेगळाच खर्च. तेव्हा काढण्याऐवजी तपासावा. पातेल्यात पाणी घेऊन त्यात थर्मोस्टॅट तारेने लटकवावा, तळाला टेकू देऊ नये, शेजारी थर्मामीटर धरावा. त्यावर ८२ लिहिले असेल तर सुमारे त्याच अंशावर तोंड उघडू लागले पाहिजे आणि पाणी उकळण्याच्या आत पूर्ण उघडले पाहिजे. नाही उघडला तर नवा, आणि नवासुद्धा बसवण्याआधी याच पातेल्यात बघून घ्यावा.

पंखा दोन प्रकारचा. बोलेरोसारख्या बऱ्याच गाड्यांत विस्कस कपलिंगचा पंखा असतो. इंजिन बंद करून तो हाताने ढकलावा. गरम इंजिनावर तो जड लागला पाहिजे. भिंगरीसारखा तीन-चार फेरे फिरत राहिला, किंवा कपलिंगवर तेलकट रेघा दिसल्या, तर आतला सिलिकॉन निघून गेला. ओम्नी-इकोसारख्या व्हॅनला विजेचा पंखा असतो. तो बॅटरीवरून सरळ जोडून बघावा. सरळ फिरतो आणि गाडीवर फिरत नाही, तर फ्यूज, रिले, सेन्सर असा शोध घ्यावा. मोटार बदलू नये. आणखी एक गोष्ट : पंख्याभोवतीचे प्लास्टिकचे कव्हर. काम करताना अडथळा होतो म्हणून ते काढून कोपऱ्यात टाकलेले आम्ही कितीतरी गॅरेजमध्ये पाहिले. ते नसेल तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूची गरम हवाच घुसळत बसतो.

आता पुन्हा आपल्या कॅम्परकडे. पंखा ठीक, दाब ठीक, झाकण ठीक. उस्तादांनी पुढची शोभेची जाळी, तिच्यावरचे जादा दिवे आणि गाडीच्या नावाची पाटी काढली. ही पाटी नेमकी हवेच्या वाटेत होती. मग एसीचा कंडेन्सर रेडिएटरपासून बोटभर पुढे सरकवला आणि आत टॉर्च मारला. दोघांच्या मधल्या फटीत कापसाची गादी बसली होती! धूळ, किडे, डिझेलचा मेण आणि रुई यांचा नमदा झाला होता. हंगामात गाडी महिनोन्‌महिने कापसाच्या ट्रकांमागे आणि जिनिंगच्या रस्त्यांनी फिरलेली. बाहेरून कंडेन्सर स्वच्छ दिसे, इंजिनाच्या बाजूने रेडिएटरही बरा दिसे, रोग मध्ये लपलेला. आपल्या जिल्ह्यात संक्रांतीनंतर प्रत्येक गाडीची ही फट बघावी असे आमचे मत आहे. वणीकडे रुईच्या जागी कोळशाची धूळ सापडेल. धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेर मारावे, आणि धार हळू ठेवावी. सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्याने पाकळ्या आडव्या होतात आणि मग हवा कायमची अडते.

एवढ्याने तीन हिस्से काम झाले. चौथा हिस्सा आत होता. गाडी गरम करून तापमान मोजणारी बंदूक रेडिएटरवर आडवी-उभी फिरवली. चकचकीत ॲल्युमिनियमवर ही बंदूक प्रत्यक्षापेक्षा कमी अंश दाखवते, म्हणून काळ्या भागावर किंवा काळी टेप चिकटवून मोजावे. खालच्या एका कोपऱ्यात टेप आजूबाजूपेक्षा बरीच गार निघाली. म्हणजे तेथल्या नळ्यांतून पाणी जातच नव्हते. मालक कूलंट सांडले की बोअरचे पाणी टाकत असे. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याने चहाच्या केटलीला आतून जो पांढरा थर बसतो, तोच थर या नळ्यांत बसला होता.

येथे जुन्या कारागिरांना सावध करावेसे वाटते. पूर्वी तांब्या-पितळेचा रेडिएटर असे. टाकी उघडून नळ्यांत पट्टी घालून थर खरवडायचा, नवसागर आणि कथिलाने पुन्हा झाळायचे, हे हुनर बापाकडून मुलाकडे आले. आताचा कोअर ॲल्युमिनियमचा आणि टाकी प्लास्टिकची, कडा दुमडून बसवलेली. तिथे ते कथील चालत नाही, आणि तेजाब किंवा कॉस्टिक सोडा तर अजिबात घालू नये. दोन्ही ॲल्युमिनियम खातात, थराबरोबर नळीही जाते. ॲल्युमिनियमला चालणारे फ्लशचे औषध घालून उलट्या दिशेने धुवावे. निम्म्याहून जास्त नळ्या बंद असतील तर कोअर बदलणेच स्वस्त. म्हणून झाळणाऱ्याचा धंदा संपला असे आम्ही मानत नाही. टाकीचे रबर बदलणे, कडा दुमडणे, दाबाची परीक्षा, फ्लश ही कामे वाढली आहेत, फक्त हत्यारे वेगळी लागतात. ट्रॅक्टर आणि जुन्या ट्रकांचे पितळी रेडिएटर अजूनही दुकानात येतातच.

भरताना तयार कूलंट, नाही तर कूलंटमध्ये बॅटरीचे पाणी, डब्यावरच्या प्रमाणात घालावे. दोन जातीचे कूलंट मिसळू नये. रंग सारखा म्हणून जात सारखी असेलच असे नाही. कॅम्परला मागे हीटरचे लांब पाइप असतील तर हवा अडकते, म्हणून गाडीचे तोंड चढावर ठेवून, हीटर पूर्ण उघडून, बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहावे. जुने कूलंट गटारात ओतू नये. ते चवीला गोड आणि विषारी असते, आणि बाजारातल्या बकऱ्या काहीही पितात.

रस्त्यात काटा चढला तर ड्रायव्हरने काय करावे हेही गिऱ्हाइकाला सांगून ठेवावे. एसी बंद, हीटर पूर्ण चालू, सावलीत गाडी उभी करावी. पाणी आहे तोवर इंजिन थोडा वेळ संथ चालू दिले तरी चालते. पाणी गेले असेल तर लगेच बंद. लाल झालेल्या रिकाम्या इंजिनात गार पाणी ओतले की हेडला चीर पडते. आणि कॅम्परवाल्याने वजन मोजावे : शंभर लिटरची पाण्याची टाकी भरली की शंभर किलो वाढले. चढावर दुसरा गिअर घ्यावा, गाडी रेटू नये.

उस्तादांनी जादा दिवे आणि पाटी परत बसवली नाही, मालकाच्या हातात दिली. थर्मोस्टॅट नवा टाकला. दुपारी दोनला, भर उन्हात, एसी लावून गाडी महामार्ग ४४ वर केळापूरच्या पुढे नेऊन आणली. काटा मध्यावरून हलला नाही. बिलावर पहिली ओळ "तपासणी मजुरी" अशी होती, दुसरी "कंडेन्सर-रेडिएटर सफाई व फ्लश", मग थर्मोस्टॅट आणि कूलंट. मालकाने पहिल्या ओळीवर बोट ठेवून विचारले, "हे कशाचे?" उस्ताद म्हणाले, "हेड न खोलल्याचे." मालकाने पैसे मोजून दिले.