आजाऱ्याच्या उशाशी

एक कुष्ठरोगी प्रभू येशूपुढे गुडघे टेकतो, ही गोष्ट आपण मिस्सामध्ये अनेकदा ऐकली आहे (मार्क १:४०-४५). त्या काळी अशा माणसाने वस्तीबाहेर राहायचे, असा नियम होता. शताधिपतीच्या चाकराला प्रभूने घरी न जाता केवळ शब्दाने बरे केले. इथे मात्र प्रभूने आधी हात पुढे करून त्याला स्पर्श केला आणि मग तो बरा झाला. स्पर्शाच्या वेळी तो रोगीच होता.

आपल्या जिल्ह्याच्या शेजारी जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. गावोगावच्या साध्या, पुष्कळशा निरक्षर महिलांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून शिकवले. कुष्ठरोग्याला गावाबाहेर न धाडता गावातच त्याच्यावर उपचार होऊ लागले. औषध डॉक्टरांचे असले, तरी रोग्याच्या उंबऱ्यावर जाऊन बसणारी ही गावातलीच बाई होती. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आज आपल्याकडे क्षयरोग्याचे ताट-पेला वेगळा ठेवणारी घरे आहेत. क्षय भांड्यांतून पसरत नाही, हवेतून पसरतो. योग्य औषधे नियमित सुरू झाली की काही आठवड्यांत लागण होण्याची भीती बहुधा पुष्कळ कमी होते. औषधे मात्र साधारण सहा महिने घ्यावी लागतात. भेटायला येणारे पहिल्या पंधरवड्यातच थकतात!

आमचाही एक अनुभव सांगतो. रेडिएशनसाठी सोलापूरला जाणाऱ्या एका काकूंना आम्ही भेटायला गेलो. कुणी काढ्याचे नाव सांगितले, कुणी अमक्याचे कसे झाले ते सांगितले. काकू काही बोलल्या नाहीत. शेजारची मुलगी मात्र रोज संध्याकाळी येऊन त्यांचा पाण्याचा हंडा भरून ठेवी आणि दोन मिनिटे शाळेच्या गोष्टी सांगे. काकू तिची वाट पाहत, हे आम्हांला नंतर कळले. आमची कुणी वाट पाहिली नसावी.

ईयोबाचे मित्रही असेच. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले (ईयोब २:१३). तिथवर सारे चांगले होते. मग ते बोलू लागले, त्याच्या दुःखाची कारणे शोधू लागले आणि त्याचा जीव आणखीच कष्टी झाला.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली घोषित केलेला जागतिक रुग्ण दिन ११ फेब्रुवारीला येतो. आपण प्रार्थना करतो, ते योग्यच आहे. पण डायलिसिसवर असलेल्या माणसाला आठवड्यातून दोन-तीनदा दवाखाना गाठावा लागतो. त्याच्याबरोबर एखाद्या दिवशी एसटीत बसणे, घरच्यांचा डबा करून देणे, शेरडांना चारा टाकणे, ही कामे कुणाच्याही हातून होण्यासारखी आहेत.

आजारी माणसाकडे जाताना आधी फोन करावा. बसायला खुर्ची असेल तर बसावे; उभ्याने बोललेले त्याला घाईचे वाटते. तो आजाराबद्दल बोलला तर ऐकावे, नाहीतर पावसापाण्याचे, सोयाबीनच्या भावाचे बोलावे. दहा मिनिटांत उठावे आणि पुन्हा कोणत्या दिवशी येणार, ते सांगूनच निघावे.