दुर्कसेनें शिवलेलीं वस्त्रें

पाठ : प्रेषितांचीं कृत्यें ९:३६-४३

हा पाठ वाचतांना आपलें लक्ष बहुधा शेवटच्या चमत्काराकडे जातें. आज आपण त्यापूर्वीं माडीवर काय घडलें तें पाहूं.

यापो हें समुद्रकांठचें बंदर. तेथें टबीथा नांवाची बाई राहत असे. ग्रीक भाषेंत तिलाच दुर्कस म्हणत. दोन्ही नांवांचा अर्थ हरिणी. लूक तिला शिष्या म्हणतो, आणि मूळ ग्रीक नव्या करारांत हा स्त्रीलिंगी शब्द एवढ्या एकाच ठिकाणीं आला आहे. असें असून तिच्या तोंडचा एक शब्दही लिहिलेला नाहीं!

ती आजारी पडून वारली. पेत्र लोदेहून आला, तेव्हां विधवा रडत त्याच्याभोंवतीं उभ्या राहिल्या व तिनें केलेले अंगरखे व वस्त्रें दाखवूं लागल्या. कदाचित् तीं त्यांच्या अंगावरच असतील. दुसऱ्यासाठीं वस्त्र शिवावयाचें तर त्याच्या जवळ जावें लागतें. विधवेचें अंग किती वाळलें आहे, हें दुरून कळत नाहीं.

येथें मला माझी एक चूक आठवते. एका म्हातारीच्या दारीं मी लांबलचक प्रार्थना करून परतलों. तिच्या घरांत दोन दिवस पाणी नव्हतें, हें मागाहून शेजारणीकडून कळलें. दुसऱ्या दिवशीं हंडा घेऊन गेलों. त्या दिवशींची प्रार्थना लहानच झाली.

उपदेशकाला हें काम हलकें वाटूं नये. १९२२ सालीं निवर्तलेल्या पंडिता रमाबाई यांनीं इब्री व ग्रीक भाषांवरून पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर केलें. त्यांनींच केडगांवच्या मुक्तिसदनांत आंधळ्या व वृद्ध स्त्रियांनाही आसरा दिला.

शिवण सर्वांस येत नाहीं. पण आजाऱ्याचें अंथरूण उन्हांत घालणें, म्हातारीचे केस तेल लावून विंचरणें, निरक्षर शेजाऱ्याबरोबर कागदपत्रांसाठीं तालुक्याला जाणें, हें कोणालाही जमेल. ह्यांत पैसा थोडा लागतो, वेळ मात्र पुष्कळ. आणि आपणांस जड जातें तें वेळ देणेंच. येत्या आठवड्यांत आपल्या वस्तींत कोणाच्या दारीं कोणी गेलें नाहीं, एवढें मंडळीनें मिळून पाहावें.

पेत्र पुढें पुष्कळ दिवस यापोंतच राहिला, आणि तोही शिमोन नांवाच्या कातडें कमावणाऱ्याच्या घरीं. ह्या धंद्याला यहूदी लोक कमी लेखीत. त्याविषयीं पुढील पाठांत पाहूं.